विलेमस्टाड

विलेमस्टाड : क्युरासाव बेटाची राजधानी, कॅरिबियन समुद्रातील प्रमुख बंदर व क्रूझ जहाजांचा नेहमीचा थांबा. स्थान १२° ०७' उ. अक्षांश व ६८° ५६' प. रेखांश. क्युरासावचे क्षेत्रफळ ४४४ चौ. किमी. व लोकसंख्या सुमारे दीड लाख असून त्यांतील बहुतेक लोक या शहरात व त्याच्या उपनगरांत राहतात. व्हेनेझुएलाचा किनारा येथून दक्षिणेस जेमतेम ६५ किमी. अंतरावर आहे. नेदर्लंड्स अँटिलीस ही राजकीय रचना १० ऑक्टोबर २०१० रोजी विसर्जित झाली आणि क्युरासाव हा नेदर्लंड्सच्या राजसत्तेखालील स्वायत्त देश बनला. शहराच्या जुन्या भागाचा व बंदराचा समावेश १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत करण्यात आला.

हवा कोरडी. वर्षाकाठी पाऊस सुमारे ५५० मिमी. पडतो, तोही मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. पूर्वेचे व्यापारी वारे जवळजवळ बारमाही वाहतात. दिवीदिवीची झाडे त्यांच्या जोराने एका अंगाला झुकून तशीच वाढतात. चक्रीवादळांचा नेहमीचा मार्ग या बेटाच्या उत्तरेकडून जातो, त्यामुळे इतर बेटांवरील थांबे वादळाच्या भीतीने रद्द होतात तेव्हाही विलेमस्टाडचा बहुधा कायम राहतो. बेटावर बारमाही नदी नाही. समुद्राचे पाणी गोडे करण्याची सोय येथे १९२८ पासून आहे व नळाला येणारे पाणी त्याच प्रकारचे असते.

शहराचा सगळा इतिहास एका अरुंद जलमार्गाशी बांधलेला आहे. सिंट आना नावाची ही लांबट खाडी समुद्रातून आत शिरते आणि स्खोटेगाट या प्रशस्त, खोल नैसर्गिक बंदरात उघडते. तोंड लहान, पोट मोठे. तोंडाशी दोन्ही बाजूंना तोफा ठेवल्या की आतली जहाजे सुरक्षित. खाडीच्या पूर्वेला पुंडा हा मूळ तटबंदीतला भाग, तर पश्चिमेला ओट्रोबांडा, म्हणजे पलीकडचा काठ. तेथील वस्ती अठराव्या शतकात वाढली. पुंडाच्या पूर्वेस पीटरमाय आणि उत्तरेस, वाइगाट या छोट्या पाणथळीपलीकडे, स्खार्लो. वारसा क्षेत्रात हे चार भाग येतात.

स्पॅनिश लोकांनी १४९९ मध्ये बेट पाहिले, पण येथे सोने नाही आणि पाणीही नाही, म्हणून त्यांनी त्याची फारशी कदर केली नाही. डच वेस्ट इंडिया कंपनीने १६३४ मध्ये योहान व्हान वालबेकच्या नेतृत्वाखाली ते जिंकले आणि पुढच्याच वर्षी खाडीच्या तोंडावर फोर्ट आम्स्टरडॅमची उभारणी सुरू केली. मराठी वाचकाला वेंगुर्ल्याची पडकी डच वखार ठाऊक असते. ती ईस्ट इंडिया कंपनीची. विलेमस्टाड हे तिच्या धाकट्या भावंडाचे ठाणे. वेंगुर्ल्याच्या वखारीचे अवशेष उरले, येथे मात्र ठाण्याचे शहर झाले. येथील कारभारी पेटर स्टाइव्हेसांट १६४४ मध्ये सिंट मार्टेन बेटावरील लढाईत पाय गमावून बसला आणि पुढे न्यू नेदर्लंडचा, म्हणजे आजच्या न्यूयॉर्क परिसराचा, शेवटचा डच प्रमुख झाला.

जमीन शेतीला निकामी असल्याने कंपनीने व्यापारावर भिस्त ठेवली, आणि त्या व्यापारातला मोठा माल म्हणजे माणसे. १६६० नंतरच्या दशकांत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेले हजारो गुलाम येथे उतरवले जात, शहराबाहेरच्या छावण्यांत काही काळ पोसून विकण्याजोगे केले जात आणि स्पॅनिश वसाहतींना पुरवले जात. १६७५ मध्ये विलेमस्टाड खुले बंदर जाहीर झाले. शहराच्या वैभवाचा पाया या दोन गोष्टींनी घातला, आणि प्रवासी पुस्तिकांत दुसरीचे वर्णन पहिलीपेक्षा बरेच सविस्तर असते. १७ ऑगस्ट १७९५ रोजी बेटाच्या पश्चिम भागातील केनेपा मळ्यावर टुला या गुलामाने काम नाकारून उठाव सुरू केला. फ्रान्समध्ये गुलामांना स्वातंत्र्य मिळाले आहे आणि नेदर्लंड्स आता फ्रेंचांच्या ताब्यात आहे, तेव्हा आम्हीही स्वतंत्र आहोत, असा त्याचा साधा आणि बिनतोड युक्तिवाद होता. उठाव चिरडला गेला व ३ ऑक्टोबर रोजी टुलाला हाल करून ठार मारण्यात आले. गुलामी कायद्याने संपली ती १ जुलै १८६३ रोजी. डच सरकारने टुलाला अधिकृतपणे निर्दोष ठरवले २०२३ मध्ये. ओट्रोबांडातील कुरा हुलांडा संग्रहालय गुलामांच्या व्यापाराला वाहिलेले आहे. ते १९९९ मध्ये सुरू झाले.

खाडीचे तोंड अरुंद असले तरी पहारेकरी जागे असावे लागतात. १ जानेवारी १८०७ च्या पहाटे, नववर्षाच्या रात्रीची नशा उतरण्यापूर्वीच, कॅप्टन चार्ल्स ब्रिस्बेनची चार ब्रिटिश लढाऊ जहाजे थेट बंदरात शिरली आणि सकाळ संपण्याच्या आत शहर पडले. ते १८१६ पर्यंत ब्रिटिशांकडे राहिले. जून १९२९ मधला प्रसंग तर कादंबरीत शोभेल असा आहे : व्हेनेझुएलातील बंडखोर राफाएल सिमोन उर्बिना याने आपल्या माणसांसह फोर्ट आम्स्टरडॅमवर छापा घातला, शस्त्रे लुटली, प्रत्यक्ष गव्हर्नरलाच पकडून बंदरातल्या एका अमेरिकन जहाजावर चढवले आणि व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापर्यंत नेले. गव्हर्नर परत आला, पण डच सरकारची अब्रू जायची ती गेलीच.

याच किल्ल्यात आज सरकारी कचेऱ्या व गव्हर्नरचे निवासस्थान आहे. आतल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या (१७६९) भिंतीत १८०४ च्या ब्रिटिश हल्ल्यातला एक तोफगोळा रुतलेला दाखवतात. तो ‘बाउंटी’वरील बंडामुळे प्रसिद्ध झालेल्या कॅप्टन ब्लायने डागला, असे वाटाडे सर्रास सांगतात. गोळा खरा, ब्लायही खरा; मात्र तो विल्यम नव्हे, जॉन ब्लाय.

पुंडाच्या काठावरील हांडेल्सकाडे ही रंगीत घरांची ओळ क्युरासावच्या प्रत्येक चित्रपत्रिकेवर असते. उंच अरुंद इमारती, वक्र शिखरांचे दर्शनी भाग, लाल कौले. आम्स्टरडॅमच्या कालव्याकाठची घडण, पण उन्हासाठी पुढे ओसऱ्या-सज्जे जोडलेले. कोपऱ्यावरची पिवळी-पांढरी पेन्हा इमारत १७०८ ची. पूर्वी सगळी घरे चुन्याने पांढरी असत. १८१७ मध्ये पांढऱ्या रंगाला मनाई झाली. गव्हर्नर आल्बर्ट किकर्ट याला पांढऱ्या भिंतींवरून परतणाऱ्या उन्हाने डोकेदुखी होई, म्हणून हा हुकूम निघाला असे सांगतात. रंगाच्या दुकानात त्याची भागीदारी होती, ही पुस्ती लोकांनी मागाहून जोडलेली. भिंती प्रवाळाचे दगड आणि जहाजाच्या तळाशी वजनासाठी भरून आणलेल्या पिवळ्या डच विटा यांच्या. चुन्यात खारी वाळू मिसळल्यामुळे त्यांतून आजही मीठ बाहेर येते. जवळ जाऊन पाहिल्यास रंगाखाली फुगे धरलेले व पापुद्रे सुटलेले दिसतात. दर थोड्या वर्षांनी भिंती खरवडून पुन्हा रंगवाव्या लागतात, तेव्हाच त्या चित्रातल्यासारख्या दिसतात.

पुंडा व ओट्रोबांडा यांना जोडणारा क्वीन एम्मा पूल हे शहराचे सर्वांत जिवंत स्थळ. तो १८८८ मध्ये लेनर्ड बर्लिंग्टन स्मिथ या अमेरिकन व्यापाऱ्याच्या योजनेनुसार बांधला गेला. लांबी १६७ मी. सोळा तराफ्यांवर तरंगणारा हा लाकडी तळाचा पूल ओट्रोबांडाच्या बाजूला बिजागरीसारखा पक्का केलेला आहे. पुंडाकडील मोकळ्या टोकाला चालकाची खोली व इंजिने. जहाज येण्याची वेळ झाली की घंटा वाजते, फाटक बंद होते, इंजिने घुरघुरतात आणि सगळा पूल आडवा सरकत ओट्रोबांडाच्या काठाला जाऊन टेकतो. जे त्या वेळी पुलावर असतात त्यांनी तेथेच थांबले तरी चालते. पायाखालच्या फळ्या हलक्या वरखाली होत असतात, आणि कठड्याला टेकून उभ्या असलेल्या माणसाला पूल फिरतो आहे की शहर, हे क्षणभर कळत नाही. नारिंगी निशाण लावले तर पूल थोड्या वेळासाठी उघडला आहे असे समजावे, निळे असेल तर खोळंबा मोठा. त्या वेळात दोन्ही काठांमध्ये फुकट फेरीबोट चालते.

पूर्वी या पुलावर पथकर होता : बूट घातलेल्याने दोन सेंट द्यायचे, अनवाणी माणसाला माफी. गरिबांना सवलत देण्याचा हा हेतू चांगला होता, पण गरीब माणसे अब्रूसाठी उसने बूट घालून पैसे भरत आणि पैसेवाले बूट हातात घेऊन फुकट जात, अशी कथा गावात अजून रंगवून सांगतात. हा कर १९३४ मध्ये बंद झाला. १९७४ मध्ये खाडीवर सुमारे ५६ मी. उंचीचा क्वीन जुलियाना पूल झाल्यापासून मोटारी वरून जातात व जुना पूल केवळ पादचाऱ्यांचा आहे. नव्या पुलाचे काम चालू असताना १९६७ मध्ये त्याचा काही भाग कोसळून पंधरा कामगार मरण पावले होते.

१९१४ मध्ये व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराच्या परिसरात तेल लागले, परंतु त्या सरोवराच्या तोंडाशी मोठ्या जहाजांना पुरेल एवढे पाणी नव्हते. म्हणून शेल कंपनीने लहान बोटींनी तेल क्युरासावला आणून स्खोटेगाटच्या काठी शुद्ध करण्याचे ठरवले. हा कारखाना १९१८ मध्ये चालू झाला आणि झोपलेल्या व्यापारी गावाचे औद्योगिक शहर बनले. कॅरिबियन बेटे, सुरिनाम, मदेरा अशा ठिकाणांहून मजूर आले. ३० मे १९६९ रोजी कमी मजुरीच्या असंतोषाचा भडका उडाला. संपकऱ्यांचा मोर्चा शहरात शिरला, पुंडा व ओट्रोबांडाचा मोठा भाग जळाला व दोन माणसे मेली. त्यानंतर कृष्णवर्णीय बहुसंख्याकांना राजकारणात खऱ्या अर्थाने जागा मिळू लागली. शेलने १९८५ मध्ये कारखाना नाममात्र एक गिल्डर किमतीला स्थानिक सरकारच्या गळ्यात घातला व त्याबरोबर प्रदूषणाची जबाबदारीही. नंतर तो व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीने २०१९ पर्यंत भाड्याने चालवला.

पुंडातील मिक्वे इस्राएल-इमॅन्युएल सिनगॉग १७३२ चे असून अमेरिका खंडांत अखंड वापरात असलेले ते सर्वांत जुने सिनगॉग आहे. इन्क्विझिशनमुळे पोर्तुगाल व स्पेन सोडून आम्स्टरडॅमला आलेल्या ज्यू कुटुंबांनी १६५१ मध्ये येथे वस्ती केली. जमिनीवर पांढरी वाळू पसरलेली आहे. छुप्या प्रार्थनेच्या काळात पावलांचा आवाज दडवण्याची आठवण, किंवा सिनाईच्या वाळवंटाची, अशी दोन कारणे सांगितली जातात. वर महोगनीचे काम व पितळी झुंबरे. याच समाजाची १६५९ ची बेथ हाईम ही स्मशानभूमी तेल कारखान्याच्या शेजारी आली, आणि संगमरवरी थडग्यांवरचे नाजूक कोरीव काम धुराने झिजून सपाट झाले. सिनगॉगच्या अंगणात त्यांतील काही थडग्यांच्या प्रतिकृती ठेवल्या आहेत. त्या पाहिल्याशिवाय तेलाने या शहराला काय दिले आणि काय नेले, याचा हिशेब पुरा होत नाही.

लोकांची रोजची भाषा पापियामेंटू. ती पोर्तुगीज व स्पॅनिश यांच्या आधारावर आफ्रिकन व डच मिश्रणातून घडली. २००७ पासून तिला डचबरोबर अधिकृत दर्जा आहे. पुंडातील कापड व विजेच्या वस्तूंच्या दुकानांत सिंधी व्यापारी भेटतात. भारताशी शहराचा जिवंत संबंध एवढाच. चलन २०२५ पासून कॅरिबियन गिल्डर, पण अमेरिकन डॉलर सर्वत्र चालतो.

मोठी क्रूझ जहाजे खाडीत न येता बाहेर समुद्राच्या बाजूला, ओट्रोबांडाच्या टोकाशी असलेल्या धक्क्यांवर लागतात. तेथून रिफ फोर्ट (१८२८) या जुन्या किल्ल्यातील दुकानांमधून ब्रियोन चौक व पूल गाठायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. बहुतेक प्रवासी पूल ओलांडून हांडेल्सकाडेचे छायाचित्र घेतात आणि निळ्या क्युरासाव मद्याची बाटली घेऊन परततात. ते मद्य लाराहा या कडू संत्र्याच्या वाळवलेल्या सालीपासून बनते. निळा रंग केवळ शोभेचा. बाटली घेऊन लगेच परतण्याऐवजी दुपारी प्लासा बियू या जुन्या बाजारात जेवावे. लांब बाकांवर बंदर-कामगार व कारकून मांडीला मांडी लावून बसलेले असतात. बकऱ्याचा रस्सा, भेंडीचे सार आणि तांदळाच्या उकडीसारखी, पण मक्याची, घट्ट फुंची मिळते. जवळच व्हेनेझुएलाच्या बोटींचा तरंगता बाजार भरत असे. २०१९ मध्ये त्या देशाने सीमा बंद केल्यापासून त्याची रया गेली. हाताशी तास असेल तर हांडेल्सकाडेपेक्षा स्खार्लोत तो खर्चावा : ज्यू व्यापाऱ्यांचे एकोणिसाव्या शतकातील वाडे तेथे आहेत, काही डागडुजी झालेले, काही छप्पर कोसळलेले, आणि तेथे गर्दी नसते.

सिनगॉग शनिवारी प्रेक्षकांसाठी बंद असते. धक्के ओट्रोबांडाच्या बाजूला असल्याने पुंडातून परतताना खाडी ओलांडावीच लागते. पूल उघडा सापडण्याची शक्यता धरून जहाजाच्या वेळेआधी निदान अर्धा तास हाती ठेवावा.