व्हर्जिनिया टेक, २००७ : धोक्याच्या खुणा, बंदुकीची खरेदी आणि न पोहोचलेली नोंद

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, १६ एप्रिल २००७ रोजी सकाळी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील ब्लॅक्सबर्ग या गावी, व्हर्जिनिया टेक विद्यापीठात, तिथल्याच एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून ठार केले आणि शेवटी स्वतःवर गोळी झाडून घेतली. मृतांपैकी ३० जण नॉरिस हॉल या अभियांत्रिकीच्या इमारतीत होते. तामिळनाडूत जन्मलेले आणि कानपूरच्या आयआयटीत शिकलेले प्रा. जी. व्ही. लोगनाथन तिथे जलविज्ञानाचा तास घेत होते. त्यांच्या वर्गात मुंबईहून गेलेली एक विद्यार्थिनी बसली होती. दोघेही वाचले नाहीत.

हल्ल्याचे तपशीलवार वर्णन हा या पाठाचा विषय नाही. आपल्याला पाहायचे आहे ते त्याआधीचे काही महिने. या विद्यार्थ्याबद्दलची काळजी शिक्षक, पोलीस आणि न्यायाधिकारी यांच्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी वाटली होती. एवढेच नव्हे, तर देशाच्या कायद्यानुसार तो बंदूक घेण्यास अपात्र ठरला होता. तरीही त्याने दोन पिस्तुले परवानाधारक दुकानांतून, तपासणी पार करून घेतली. हे कसे शक्य झाले?

१. कायद्याची पार्श्वभूमी

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार आधी परवाना आणि मग शस्त्र असा क्रम आहे. अर्जदार अर्ज करतो, पोलिसांचा अहवाल येतो आणि परवाना द्यायचा की नाही हे अधिकारी ठरवतो. अमेरिकेत गृहीतकच उलटे आहे. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीमुळे शस्त्र बाळगणे हा तिथे हक्क मानला जातो. नाकारायचे असेल तर त्याचे कारण सरकारकडे असावे लागते. हा फरक लक्षात ठेवला, तर पुढचा सगळा इतिहास समजायला सोपा जातो.

अशी कारणे १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने ठरवून दिली. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर त्याच वर्षी हा कायदा झाला. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती, तसेच मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोकादायक असल्याचा न्यायिक निर्णय जिच्याबाबत झाला आहे अशी व्यक्ती अपात्र ठरली. पण हे तपासायचे कसे? खरेदीदाराने अर्जावर 'मी अपात्र नाही' असे लिहून सही करायची, एवढीच सोय होती.

१९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावर हल्ला झाला. त्यात त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी कायमचे जायबंदी झाले. त्यांच्या नावाचा कायदा १९९३ मध्ये संमत झाला आणि त्यातून ३० नोव्हेंबर १९९८ रोजी एफबीआयची तात्काळ पार्श्वभूमी तपासणी यंत्रणा सुरू झाली. आता परवानाधारक दुकानदार खरेदीदाराची माहिती कळवतो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर मिळते.

मात्र या यंत्रणेत नोंदी भरणार कोण? १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रिंट्झ खटल्यात निकाल दिला, की केंद्र सरकार राज्यांच्या अधिकाऱ्यांना आपल्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी राबवू शकत नाही. त्यामुळे राज्यांनी नोंदी पाठवणे हा बराचसा स्वेच्छेचा मामला राहिला. २००७ मध्ये मानसिक आरोग्यविषयक नोंदी पाठवणारी राज्ये फक्त २२ होती. व्हर्जिनिया त्यांपैकीच एक होते.

२. धोक्याच्या खुणा

घटनेनंतर राज्यपाल टिम केन यांनी एक चौकशी समिती नेमली. ऑगस्ट २००७ मध्ये आलेल्या तिच्या अहवालातून पुढील क्रम स्पष्ट होतो.

(अ) १९९९ : कोलंबाइन शाळेतील हत्याकांडानंतर, शाळकरी वयातच त्याने तसेच काही करण्याची इच्छा लेखनातून व्यक्त केली. शाळेने पालकांना कळवले, उपचार सुरू झाले आणि त्याला काही वर्षे आधारही मिळाला. विद्यापीठात प्रवेश घेताना मात्र यातले काहीच त्याच्यासोबत गेले नाही.

(आ) २००५ चे शरद सत्र : कवयित्री प्रा. निकी जोव्हानी यांच्या वर्गात त्याचे लेखन आणि वागणे इतके अस्वस्थ करणारे झाले, की त्याला वर्गातून काढावे असा आग्रह त्यांनी धरला. विभागप्रमुख ल्युसिंडा रॉय यांनी त्याला स्वतंत्र शिकवले आणि विद्यापीठातील निरनिराळ्या कार्यालयांना सावध केले.

(इ) नोव्हेंबर-डिसेंबर २००५ : नकोसे संदेश येत असल्याची तक्रार दोन विद्यार्थिनींनी विद्यापीठाच्या पोलिसांकडे वेगवेगळ्या वेळी केली. पोलिसांनी त्याला समज दिली. त्यानंतर त्याने आत्महत्येचा विचार बोलून दाखवला, तेव्हा त्याला एका रात्रीसाठी मनोरुग्णालयात ठेवण्यात आले.

(ई) १४ डिसेंबर २००५ : विशेष न्यायाधिकाऱ्याने निर्णय दिला, की मानसिक आजारामुळे त्याच्यापासून त्याच्या स्वतःच्याच जिवाला तातडीचा धोका आहे. त्याला बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेण्याचा आदेश झाला. तो त्याच दिवशी विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात गेला. पुन्हा गेला नाही, आणि आदेश पाळला जातो आहे का हे कोणी पाहिले नाही.

विद्यार्थ्याची माहिती गुप्त ठेवण्याच्या १९७४ च्या कायद्यामुळे आपले हात बांधलेले आहेत, असा अनेक अधिकाऱ्यांचा समज होता. वास्तविक शिक्षकाने डोळ्यांनी पाहिलेले वर्तन सहकाऱ्याला सांगायला त्या कायद्याची आडकाठी नव्हती, आणि आणीबाणीत त्यात सवलतही होती. डिसेंबरमधला प्रकार त्याच्या आईवडिलांनाही कळवला गेला नाही.

३. एका शब्दाची फट

वरील आदेशानंतर केंद्रीय कायद्यानुसार तो बंदूक खरेदीस अपात्र होता, असा निष्कर्ष समितीने काढला. केंद्राच्या व्याख्येत 'धोकादायक असल्याचा न्यायिक निर्णय' पुरेसा होता. पण व्हर्जिनियाच्या प्रथेप्रमाणे, सक्तीने रुग्णालयात दाखल केलेल्यांचीच नोंद राज्य पोलिसांच्या मध्यवर्ती अभिलेखात जात असे. या विद्यार्थ्याला बाह्यरुग्ण उपचार सांगितले होते. म्हणून त्याचा कागद न्यायाधिकाऱ्याच्या कचेरीपुढे सरकलाच नाही.

४. दोन खरेद्या

९ फेब्रुवारी २००७ रोजी त्याने पहिले पिस्तूल ताब्यात घेतले. ते इंटरनेटवरून मागवलेले होते आणि विद्यापीठासमोरील गहाणवटीच्या दुकानातून, नियमाप्रमाणे तपासणी होऊन मिळाले. महिन्याला एकच पिस्तूल विकत घेता येईल असा नियम तेव्हा व्हर्जिनियात होता. तोही त्याने पाळला. १३ मार्च रोजी रोअनोक येथील दुकानातून दुसरे पिस्तूल घेतले. दोन्ही वेळा तपासणीत आक्षेप निघाला नाही.

इथे नीट विचार करा. यंत्रणा बंद नव्हती आणि दुकानदाराने नियम मोडला नव्हता. यंत्रणेने प्रश्नाचे उत्तर बरोबरच दिले : 'नोंद आढळत नाही.' पण दुकानात त्या उत्तराचा अर्थ 'धोका नाही' असा घेतला गेला. माहितीसाठ्यावर काम करणाऱ्या प्रत्येक अभियंत्याने ही दोन वाक्ये वेगळी ओळखायला शिकले पाहिजे.

५. नंतर काय बदलले

३० एप्रिल २००७ रोजी राज्यपालांनी कार्यकारी आदेश काढून बाह्यरुग्ण उपचारांच्या सक्तीचीही नोंद बंधनकारक केली. घटनेला अवघे १४ दिवस झाले होते. ही फट बुजवणे किती सोपे होते, हे यावरून कळते. जानेवारी २००८ मध्ये राज्यांना नोंदी पाठवण्यासाठी अर्थसाहाय्य देणारा केंद्रीय कायदा झाला. त्याच वर्षी व्हर्जिनियाने सरकारी विद्यापीठांत धोका-मूल्यांकन पथके नेमणे सक्तीचे केले. शिक्षक, पोलीस, समुपदेशक यांच्याकडचे तुकडे एका टेबलावर यावेत, हा त्यामागचा हेतू. धोकादायक वाटणाऱ्या व्यक्तीकडील शस्त्रे न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेण्याचा कायदा मात्र व्हर्जिनियात २०२० मध्ये आला.

तरी दुखणे पूर्ण गेले नाही. ५ नोव्हेंबर २०१७ रोजी टेक्सासमधील सदरलँड स्प्रिंग्ज येथील चर्चमध्ये २६ जणांचा बळी गेला. हल्लेखोराला घरगुती मारहाणीबद्दल हवाई दलाच्या लष्करी न्यायालयात शिक्षा झाली होती, पण हवाई दलाने ती एफबीआयला कळवली नव्हती. त्यानेही बंदुका तपासणी पार करूनच घेतल्या होत्या.

६. निष्कर्ष

मागे वळून पाहताना खुणा एका ओळीत मांडलेल्या दिसतात. जगताना त्या तशा दिसत नाहीत. अबोल विद्यार्थी अनेक असतात, आणि मानसिक आजार असलेले बहुसंख्य लोक कोणालाही इजा करत नाहीत. त्यामुळे 'गप्प मुलांवर लक्ष ठेवा' असा धडा यातून काढणे चुकीचे आणि अन्यायाचेही होईल. अशा संशयाने मदत मागायला येणारा विद्यार्थी दूरच राहील.

खरा धडा वेगळा आहे. रॉय यांनी सांगितले, विद्यार्थिनींनी तक्रार केली, न्यायाधिकाऱ्याने निर्णय दिला. आपापल्या जागी या सर्वांनी काही ना काही केले. पण ते सारे एकत्र पाहणे ही कोणाचीच नेमून दिलेली जबाबदारी नव्हती, आणि त्या विद्यार्थ्याला खरोखर उपचार मिळत आहेत का हे पाहणेही कोणाकडे नव्हते. मीही वर्गावर शिकवतो. एखादा विद्यार्थी खचलेला दिसला, तर 'मी वर कळवले आहे' एवढ्यावर माझे काम संपत नाही. पुढे काय झाले हे आठवड्याने विचारायला हवे. नोंदीचा कागद आणि माणूस, दोन्ही वाटेत हरवू शकतात.

स्वाध्याय

१. भारत आणि अमेरिका यांच्या शस्त्रविषयक कायद्यांतील मूलभूत गृहीतकांची तुलना करा.
२. 'नोंद नाही' आणि 'धोका नाही' यांतील फरक या घटनेच्या आधारे स्पष्ट करा.
३. प्रिंट्झ खटल्याच्या निकालाचा पार्श्वभूमी तपासणीवर कोणता परिणाम झाला?
४. विद्यार्थ्याची गोपनीयता आणि इतरांची सुरक्षितता यांचा मेळ तुमच्या महाविद्यालयात कसा घालता येईल? चर्चा करा.