समताण : एका शब्दाची दोन घराणी

आयसोटॉनिक हा शब्द आज व्यायामशाळेत ऐकू येतो आणि रुग्णालयातही. एके ठिकाणी तो स्नायूच्या आकुंचनाविषयी असतो, दुसऱ्या ठिकाणी शिरेत सोडावयाच्या मिठाच्या पाण्याविषयी. ग्रीक भाषेत 'इसोस' म्हणजे समान व 'टोनोस' म्हणजे ताण. तेव्हा आपण त्याला 'समताण' म्हणू. टोनोसचा संबंध तारेच्या ताणाशी, आणि म्हणून स्वराशीही होता. सतारीची खुंटी पिळणाऱ्याला हे निराळे सांगावयास नको. शास्त्रात मात्र हा शब्द थोड्याच वर्षांच्या अंतराने दोन घरी नांदू लागला आणि दोन्ही घरांनी त्याच्यावर वेगळे संस्कार केले.

पहिले घर जर्मन शरीरशास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांचे. १८८२ च्या सुमारास त्यांनी स्नायूच्या आकुंचनाचे दोन प्रकार वेगळे केले. लांबी न बदलता स्नायू नुसता ताणला जातो तो एक; ठराविक भार घेऊन आखडतो, म्हणजे ताण तोच राहून लांबी बदलते, तो दुसरा. या दुसऱ्यास त्यांनी समताण म्हटले. मल्लखांबावर एक आसन धरून स्थिर राहणारा मुलगा पहिल्या प्रकाराचे उदाहरण होय. बैठका मारणारा पहिलवान ढोबळमानाने दुसऱ्याचे. ढोबळमानाने अशासाठी की, सांध्याचा कोन बदलला की स्नायूवरील ताणही बदलतो. नाव प्रयोगशाळेत खरे आणि आखाड्यात अर्धे खरे! असो.

दुसरे घर वनस्पतिशास्त्राचे. १८८४ मध्ये अॅम्स्टरडॅमच्या ह्यूगो द व्ह्रीस यांनी पानांची पातळ साल निरनिराळ्या द्रावणांत ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यांनी निवडलेल्या वनस्पतींत आपल्या हळदीच्या कुळातील एक होती. द्रावण तीव्र असेल तर पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते आणि आतील जीवद्रव्य भित्तीपासून सुटू लागते. ते नेमके सुटू लागेल इतके साखरेचे द्रावण आणि तितकाच परिणाम घडविणारे सोऱ्याचे द्रावण, ही दोन्ही परस्परांशी समताण. पदार्थ वेगळे, वजने वेगळी, पाण्याची ओढ मात्र एक. साधी पानाची साल तराजूचे काम करू लागली! या कामाची आणि त्याआधीच्या फेफर यांच्या मोजमापांची वार्ता द व्ह्रीस यांच्याकडून व्हान्ट हॉफ या त्यांच्या सहकाऱ्यास कळली. त्यातूनच द्रावणांच्या दाबाचा नियम निघाला. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये व्हान्ट हॉफ यांनाच मिळाले.

हॅम्बुर्गर या डच शास्त्रज्ञाने हीच कसोटी रक्तास लावली. पानाच्या पेशीला भिंत असते, तांबड्या रक्तपेशीला नसते. म्हणून सौम्य पाण्यात ती फुगून फुटते, तीव्र पाण्यात सुरकुतते. बेडकाच्या स्नायूंसाठी सुमारे ०.६ टक्के मिठाचे पाणी चालत असे. सस्तन प्राण्यांच्या रक्तास सुमारे ०.९ टक्के लागते, हे त्यांनी दाखविले. रुग्णालयातील सलाईनच्या बाटलीवर हाच आकडा आजही आढळतो.

हा आकडा ठाऊक नसण्याची किंमत जगाने आधीच मोजली होती. १८३१-३२ च्या पटकीच्या साथीत इंग्लंडमध्ये विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टराने रोग्यांचे रक्त तपासले. त्यातील पाणी व क्षार नाहीसे झाले होते. (पुढे कलकत्त्यास येऊन हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारणारे ते हेच ओशॉनेसी, सरकारी नोकरीत माणूस कोठून कोठे जातो!) त्याच साथीत, १८३२ मध्ये, स्कॉटलंडमधील लीथचे थॉमस लॅटा यांनी रोग्यांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. मृतप्राय माणसे काही वेळात बोलू लागत. पण पुष्कळ जण पुन्हा कोसळत. द्रावण रक्ताहून सौम्य होते, निर्जंतुक नव्हते, आणि पुन्हा पुन्हा द्यावयास हवे होते. उपाय बहुतांशी विस्मृतीत गेला.

विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स यांनी तो पुन्हा हाती घेतला. रक्ताहून तीव्र असे मिठाचे पाणी देऊन त्यांनी पटकीची मृत्युसंख्या निम्म्याच्या आसपास खाली आणली. तथापि सुई, बाटल्या आणि हुशार हात यांवाचून हे होणारे नव्हते. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेले लाखो निर्वासित सीमेवर पटकीच्या तोंडी पडले, तेव्हा बनगाव येथे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व सोडा पाण्यात कालवून तोंडाने पाजले. आतडे ग्लुकोजबरोबर सोडियम ओढून घेते आणि त्यामागून पाणी जाते, हे शास्त्र तोपर्यंत उमगले होते. छावणीतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. पाजणारे हात बहुधा रोग्याच्या आईचे वा भावाचे होते.

रक्ताची तीव्रता लिटरला सुमारे २९० मिलिऑस्मोल. जागतिक आरोग्य संघटनेचे पहिले द्रावण ३११ चे, म्हणजे रक्ताहून किंचित तीव्र होते. मुलांचे जुलाब व उलट्या सौम्य द्रावणाने अधिक आटोक्यात राहतात असे आढळल्यावर २००२ मध्ये ते २४५ वर आणले गेले. शिरेत जाणारे पाणी समताण हवे. पोटात जाणारे त्याहून थोडे हलके बरे.