कूरेनची मुलगी

गेल्या महिन्यात भाचीने माझे जुने लेख एका बैठकीत वाचले आणि विचारलं, “मावशी, तुझ्या आयुष्यात सगळं आपोआप कसं गं होतं? ‘बी.ए. झालं’, ‘नोकरी लागली’, ‘बदली झाली’. तू काही करत होतीस की नाही?” मी हसण्यावारी नेलं, पण रात्री जिल केर कॉनवे आठवली. शब्दकोश शेजारी ठेवून मी तिचं आत्मचरित्र वाचलं होतं.

जिलचा जन्म १९३४ सालचा, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा. वडील पहिल्या महायुद्धात लढून आलेले. त्यांनी १८,००० एकर माळरान घेऊन मेंढ्या पाळल्या. पुढे ते रान ३२,००० एकरांचं झालं. नाव कूरेन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत वाऱ्याची जागा. खेळायला दोन थोरले भाऊ, बाकी मैलोन् मैल कुणी नाही. धडे पोस्टाने यायचे, ते आईपाशी बसून करायचे. सातव्या वर्षी ही पोर मेंढ्या हाकणं, कुंपण तपासणं अशी गड्याची कामं करत होती. मुलगी म्हणून तिला कुणी बाजूला बसवलं नाही, हे लक्षात ठेवा.

मग दुष्काळ पडला. एकदोन नव्हे, कित्येक वर्षांचा. मेंढ्या मेल्या, माती उडून गेली. जिल दहा वर्षांची असताना वडील पाण्याचा नळ पुढे वाढवायला जलाशयात उतरले आणि बुडाले. आई परिचारिका, खंबीर बाई. ती मुलांना घेऊन सिडनीला आली. पुढे थोरला भाऊ मोटार अपघातात गेला आणि आईची माया मुलीच्या गळ्याभोवती फासासारखी आवळत गेली. हे जिलने आईचा मान राखून, पण काही न लपवता लिहिलंय. मला तो भाग फार जड गेला.

१९५८ साली ती सिडनी विद्यापीठातून पदवीधर झाली आणि परराष्ट्र खात्यात उमेदवारीसाठी अर्ज केला. बरोबरीच्या मुलांना घेतलं, हिला नाही. कारणं नंतर कानावर आली: दिसायला फार छान, लग्न करून जाईल, बुद्धीने जरा आक्रमक! १९६० मध्ये ती आईला सोडून अमेरिकेत हार्वर्डला गेली. पुस्तक तिथेच संपतं. ‘द रोड फ्रॉम कूरेन’ १९८९ चं.

पुढचं थोडक्यात सांगते. टोरांटोला प्राध्यापक, मग उपाध्यक्ष. १९७५ मध्ये स्मिथ कॉलेजची अध्यक्ष. १८७१ मध्ये स्थापन झालेलं हे मुलींचं कॉलेज, पण त्याला बाई अध्यक्ष मिळायला शंभरावर वर्षं लागली. तिच्या कारकिर्दीत तिथे प्रौढ, संसारी बायकांना पदवी घेण्याची सोय झाली. २०१८ साली ती गेली.

पण मला हवी होती ती गोष्ट तिच्या संशोधनातली. अमेरिकेतल्या समाजसुधारक बायकांवर तिने प्रबंध लिहिला. त्यांच्या पत्रांत तिला धडाडीच्या, हिशोबी, डाव आखणाऱ्या बायका दिसल्या. त्याच बायका आत्मचरित्र लिहायला बसल्या की सगळं नशिबाने घडलेलं! जेन अ‍ॅडम्ससारखी बाईसुद्धा याला अपवाद नाही. ‘मी ठरवलं’ असं लिहायची बाईला चोरी. जिलने स्वतःच्या पुस्तकात ती चोरी ठेवली नाही. मी निघाले, मीच ठरवून निघाले, असं तिने सरळ सांगितलं.

आपली मराठी तर या कामी भलतीच सोयीची. ‘लागली’, ‘झालं’, ‘घडलं’. कर्ता गायब! मुलांना वर्षानुवर्षं प्रयोग शिकवले, पण हे कधी ध्यानात आलं नाही.

तर भाचीबाई, दुरुस्ती. माझं बी.ए. ‘झालं’ नव्हतं. दोन लेकरं पदरात असताना बाहेरून परीक्षेचा फॉर्म मी भरला. फीसाठी एक पाटली मोडली, तीही मीच. घरात तीन महिन्यांनी कळलं.