कोसबादची टेकडी आणि आपल्या घरातली मोजणी



स्मरणिकेसाठी आपल्या जिल्ह्याच्या इतिहासावर लिहा, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले, तेव्हा बहुतेकींना वसईचा किल्ला आणि चिमाजी अप्पा आठवले. त्यावर लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत. मी सातवी शिकलेली बाई. मला विषय सुचला तो माझ्या थोरल्या मुलाच्या गणिताच्या वहीवरून.

त्याला बालवर्गात घातले तेव्हा शाळेतल्या बाईंनी बजावले होते की, घरी आकडे इंग्रजीतच बोला, नाही तर मुलाचा गोंधळ होईल. मी घाबरून गप्पच झाले. मुलगा वन-टू करीत शंभरापर्यंत घडाघडा म्हणू लागला. पाहुण्यांपुढे म्हणून दाखवी, आम्हांला कौतुक वाटे. एके दिवशी आमटी उकळत होती; मी म्हटले, बाळा, बरणीतून पाच आमसुले आण. त्याने मूठ भरून आणली. पाच म्हणजे फाइव्ह, असे सांगितले तरी मूठच. शंभरापर्यंत म्हणणाऱ्या मुलाला पाच वस्तू मोजता येत नव्हत्या! "कमी कर" म्हटले तर कमी म्हणजे काय, तेही कळेना. पुढे तिसरीत गणिताचा तास म्हणजे रडणे ठरलेले. दोष मी मुलाला दिला, त्याला मारलेही. ते आजही आठवते.

मग वाचनालयातून कै. ताराबाई मोडक व कै. अनुताई वाघ यांच्याविषयीची पुस्तके आणून वाचली, आणि उलगडा झाला.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. त्या काठेवाडात भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करीत. गिजुभाईंनी तेथे १९२० साली बालमंदिर काढले होते. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. त्यांच्यापुढे नमुना होता इटलीतल्या माँटेसोरीबाईंचा. त्या बाईंनी रोमच्या गरीब वस्तीत १९०७ साली पहिले बालगृह उघडले, आणि मुलाच्या हातात आकड्याआधी वस्तू दिली. दहा ठोकळे, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, मोठा दहाचा. दहा दांडे, एकाहून एक लांब. त्यांवर मूल "लहान, मोठे, लांब, आखूड" हे शब्द शिके. शिकवण्याची रीत त्यांनी सेगँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांकडून घेतलेली. पहिल्यांदा बाई फक्त सांगणार, "हे मोठे, हे लहान." मग म्हणणार, "मोठे मला दे." मूल न चुकता देऊ लागले, म्हणजे शेवटी विचारणार, "हे कसे आहे?" आपण आया नेमका तिसरा प्रश्न पहिल्यांदा विचारतो, आणि मूल गप्प राहिले की चिडतो. शून्य शिकवायचे तर नऊ खान्यांत काड्या आणि शून्याचा खाना रिकामा! मला हे वाचून फार गंमत वाटली. आपण शून्य फळ्यावर गोल काढून शिकवतो, आणि मुलाला तो लाडू वाटतो.

परंतु हे सामान महाग. पैसेवाल्यांच्या मुलांचे शिक्षण, अशीच त्याची कीर्ती. ताराबाईंना ते बोचले, आणि १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई त्यांना मिळाल्या. अनुताईंचे तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत कपाळ पुसले गेले. पुढे शिकून त्या मास्तरीण झाल्या, बी. ए. झाल्या त्या वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, १९६१ साली. (आपल्या मंडळात चाळिशीतच "आता आमचे काय वय शिकायचे" म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे. त्यांत मीही आले.)

बोर्डीला ठोकळ्यांच्या जागी बिया, खडे, शंखशिंपले, पाने, काड्या आल्या. गरीब वस्तीतली मुले शाळेत येत ना, तेव्हा बाया सामान घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. अंगणात भरते ती अंगणवाडी. मुलांना न्हाऊमाखू घालायचे, नखे कापायची, मग खेळ आणि गाणी. १९५७ मध्ये त्या कोसबादच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेल्या. मुले गुरांमागे रानात असत, म्हणून कुरणातच शाळा भरवली. थोरली बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते हे पाहून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, तीच विकासवाडी. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना पद्मश्री. ताराबाई १९७३ साली वारल्या, अनुताई १९९२ साली. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सरकारने देशात ३३ ठिकाणी बालविकास योजना सुरू केली, आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. म्हणजे जो शब्द आज देशभर चालतो, तो आपल्या जिल्ह्याच्या अंगणातला. जिल्हा पालघर तेव्हा नव्हता म्हणा, २०१४ पर्यंत आपण सगळे ठाणेकरच.

ही हकीगत वाचल्यावर मी माझ्याच स्वयंपाकघराकडे पाहिले. चिमूटभर ओवा, मूठभर तांदूळ, ओंजळभर फुले. वीतभर गजरा, चार बोटे उंच पाणी. केळ्याची फणी वेगळी, लोंगर वेगळे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच! पंतोजींच्या शाळेत मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकत, ती बाजारासाठी. १९५७ साली नवे पैसे आले, मागोमाग शेर जाऊन किलो आला आणि ती घोकंपट्टी ओसरली. पण दीड वाटी आणि अडीच चमचे आपल्या तोंडात राहिले. हे शब्द मी मुलापासून लपवून ठेवले होते, मला शाळेहून कमी कळते म्हणून.

आपले आकडे कठीण आहेत, हे मात्र मान्य करावे लागते. पंचवीस म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. मूल बावन्न लिही म्हटल्यावर पंचवीस लिहिते. एकोणीस, एकोणतीस असे करीत एकोणनव्वदपर्यंत नीट जावे, तर नव्याण्णव एकटेच वेगळे. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबर "वीस एक" असेही म्हणण्याची रीत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी समजावून सांगितले की, मुलांना जोडाक्षरी नावे जड जातात. आरंभी मलाही राग आला होता. आता वाटते, ज्याच्या कानावर घरात बावीस-तेवीस पडते, त्याला दोन्ही चालतील. ज्याच्या कानावर काहीच पडत नाही, त्याला "वीस दोन"चा आधार हवा.

धाकटीच्या वेळी मी गप्प राहिले नाही. जिन्याच्या पायऱ्या मोजत चढायचे, पोळ्या डब्यात भरताना बाबांना तीन, दादाला त्याहून एक जास्त. शाळेतले इंग्रजी आकडेही तिला येतात, गोंधळ काही झाला नाही. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाला तिने बायकांकडे पाहून ताटातले लाडू पाहिले आणि न मोजताच म्हणाली, "आई, कमी पडणार." दोन कमी पडले.

थोरला आता धाकटीला पावकी शिकवायला बसतो, आणि स्वतःही शिकतो. त्याची मी एकदा माफी मागितली. तो म्हणाला, "आमसुलांची ना?" त्याला आठवत होते.

मंगळवारी दुपारी मंडळाच्या खोलीत शेजारच्या चाळीतली सात-आठ मुले घेऊन बसण्याचा विचार आहे. ज्यांच्या घरी चिंचोके, सागरगोटे, शिंपले वा रिकाम्या काड्यापेट्या असतील, त्यांनी चिटणीसबाईंकडे पोहोचत्या कराव्यात.