बुलेटचं तेल आणि दिल्लीचा उन्हाळा

दिल्लीच्या पोस्टिंगची ऑर्डर हातात पडली की फौजी माणूस आधी क्वार्टरची वेटिंग किती ते विचारतो आणि मग बुलेटचं काय करायचं ते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच माहीत नसतं. दुसऱ्याचं करोल बागेतल्या नाईवाला गल्लीत तयार असतं: "सर, ऑइल कूलर लगवा लो." पाना हातात धरून, घाम पुसत दिलेला हा सल्ला मे महिन्यात ४४-४५ अंशांत चटकन पटतो. इंजिनासमोर एक छोटी जाळी, दोन रबरी पाइप, आणि तेल थंड. मग सत्तर वर्षांपूर्वी ही गाडी सैन्यात आली तेव्हा कुणाला हे सुचलं कसं नाही?

याचं उत्तर इंग्लंडमधल्या रेडिच गावात आहे. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश मोटरसायकलींची तेलाची टाकी वेगळी असे. दुसऱ्या महायुद्धात आपल्या डीआर लोकांनी, म्हणजे डिस्पॅच रायडर्सनी, बीएसए एम-२० आणि नॉर्टन १६-एच चालवल्या. त्यांचं तेल सीटखाली एका पत्र्याच्या टाकीत, इंजिनापासून जरा लांब. वारा लागला की टाकी आपोआप थोडी निवते. रॉयल एनफिल्डने वेगळी वाट धरली. तेलाचा कप्पा क्रँककेसमध्येच, क्रँकच्या मागच्या बाजूला ओतला. गळणारे बाहेरचे पाइप कमी झाले आणि इंजिन सुरू केल्यावर तेल लवकर गरम होऊ लागलं. धुक्यात, पावसात सकाळी कामावर जाणाऱ्या इंग्लिश गिऱ्हाइकासाठी हा मोठा गुण होता.

थोडक्यात, बुलेट ही तेल ऊबदार ठेवण्यासाठी बांधलेली गाडी. तीच १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारत सरकारने सीमेवरच्या गस्तीसाठी मागवली. १९५५ साली मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया स्थापन झाली, मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला, आणि रेडिचचा तो तेलाचा कप्पा जसाच्या तसा भारतात आला. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, इथला चालूच राहिला. राजस्थानात, पंजाबात, दिल्लीत, कुठेही जा, तोच कप्पा.

आणि तरी ती चालली. का, हे समजून घेण्यासारखं आहे. ३४६ सीसीच्या इंजिनाकडून फक्त १८ अश्वशक्ती मागितली होती. कॉम्प्रेशन साडेसहाला एक, आजच्या हिशोबाने फारच कमी. बिडाचा जाड ब्लॉक, सावकाश फिरणारं जड फ्लायव्हील, आणि दोन-सव्वादोन लिटर तेल. मुळात उष्णताच कमी तयार होत होती. २६ जानेवारीला आमच्या सिग्नल्सच्या डेअर डेव्हिल्सनी बुलेटवर माणसांचा मनोरा रचून अगदी संथ चाल ठेवलेली तुम्ही पाहिली असेल. इतक्या कमी वेगात इंजिनाला वारा जवळपास मिळत नाही. पण तो जानेवारी असतो आणि खेळ काही मिनिटांचा असतो, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता कूलरकडे येऊ. २०डब्ल्यू५० तेल ४० अंशांना जितकं घट्ट असतं, त्याच्या साधारण आठव्या-नवव्या हिश्श्याइतकंच १०० अंशांना उरतं. त्याहून तापलं की धातूंमधला थर आणखी पातळ होतो, म्हणजे भीती खरी आहे. पण कूलरची जाळीही वाऱ्यावरच काम करते. मुरथळच्या ढाब्यांपर्यंत रात्री गाडी पळवताना ती छान काम देईल, आणि तेव्हा तिची गरजही कमी असते. आयटीओच्या चौकात दुपारी दोन वाजता वारा नाही, म्हणजे कूलरही नाही. जाळीत आणि पाइपांत मावलेलं जास्तीचं थोडं तेल, एवढाच तिथे फायदा.

शिवाय दिल्लीला जानेवारीही असतो. थर्मोस्टॅट नसलेला कूलर थंडीतही तेल निववत राहतो. तेल पुरेसं तापलं नाही तर त्यात उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही आणि टॅपेटच्या झाकणाखाली पिवळट साय जमते. लेह-लडाखला पोस्टिंग झालेल्यांना हे सांगायला नको.

पण माझा खरा आक्षेप जोडणीला आहे. जुन्या बुलेटमध्ये दोन छोटे पंप असतात. एक पंप टायमिंग कव्हरमधल्या नमद्याच्या फिल्टरमधून क्रँकच्या बिग एंडला तेल देतो. दुसरा तळाचं तेल उचलून रॉकरकडे पाठवतो आणि तिथून ते परत येतं. बाहेर दिसणारे पाइप फक्त रॉकरचे, म्हणून गल्लीतला कारागीर कूलर तिथे जोडतो. म्हणजे जाळीतून अडून उरेल ते तेल रॉकरच्या वाट्याला. फिल्टर बाहेर काढून चारचाकीचा डबा-फिल्टर लावण्याची टूम तर याहून धाडसी. कल्पना वाईट नाही, कागदी फिल्टर नमद्यापेक्षा बारीक गाळतो. पण त्यासाठी बिग एंडकडे जाणारं तेल इंजिनाबाहेर काढून परत आत न्यावं लागतं. रॉकरचा पाइप गळला तर बूट खराब होतो. हा पाइप सुटला तर रस्त्यातच इंजिन जाम. ईएमईचे लोक सैन्याच्या गाडीत विनापरवानगी एक नटही बदलू देत नाहीत. तरुणपणी मला तो लालफितीचा कारभार वाटे.

ज्या गाड्यांना कूलर हवा होता, त्यांना तो कारखान्यातच मिळाला. पुण्याच्या बजाजने २००७ च्या सुमारास पल्सर २०० आणि २२० वर लावला. रॉयल एनफिल्डने २०१६ च्या हिमालयनवर लावला: ४११ सीसी, साडेचोवीस अश्वशक्ती, कॉम्प्रेशन साडेनऊला एक, आणि घाटात ओझ्यासकट हळू चढण्याची अपेक्षा. तिथे पंप, पाइप आणि जाळी एकमेकांचा हिशोब धरूनच आखलेले होते. २०२३ च्या हिमालयनला तर थेट रेडिएटरच आला.

आमच्या जुन्या युनिटचे एक सुभेदारसाहेब निवृत्तीनंतर मुलाकडे गुरुग्रामला राहतात. १९९२ साली कॅन्टीनमधून घेतलेली बुलेट, नंबर एमएच ११. एनसीआरमध्ये १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणायची नाही, हा हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरला, तेव्हापासून ती पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली होती. २०२५ च्या जुलैत दिल्लीच्या पंपांवर जुन्या गाड्यांना पेट्रोल बंद करून पाहिलं, ते काही दिवसांतच थांबवावं लागलं. पण साहेबांचा धीर तेवढ्यात सुटला. गाडी फलटणला पाठवायची ठरली, आणि त्याआधी कूलर व बाहेरचा फिल्टर लावून घ्यायचा. "सर, गावाकडं असलं काम करणारा कुणी न्हाई. हितंच करून टाकू का?"

मी त्यांना एवढंच विचारलं, "साहेब, तेहतीस वर्षांत इंजिन किती वेळा बांधलंत?"

"येकदा. तेबी पोरानं बिनतेलाची पळवली म्हणून."

कूलर राहिला. टायमिंग साइडचं कव्हर उघडून पंप साफ केले, कप्प्याच्या तळाचा गाळ काढला, ताजं २०डब्ल्यू५० भरलं आणि दर दोन हजार किलोमीटरला बदलायचं ठरलं. गाडी ट्रकमधून गेली. सोबत नाईवाला गल्लीतून घेतलेले नमद्याचे सहा फिल्टर एका बिस्किटाच्या डब्यात. साताऱ्यातही ते मिळतात, पण साहेबांचा त्यावर काही केल्या विश्वास बसेना.