घोट्यातलं तीन बाजूंचं फ्रॅक्चर

पुतण्याच्या घोट्याचा सीटी स्कॅन सांगितल्यापासून घरून एकच प्रश्न येतोय: एक्स-रेत मोडलेलं दिसलं, मग आणखी स्कॅन कशाला? प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथेच लिहितो.

नडगीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी ग्रोथ प्लेट असते. तेरा-चौदाव्या वर्षाच्या सुमारास ती बुजू लागते, पण एकदम नाही. आधी मध्यभागी, मग आतल्या बाजूला, आणि बाहेरचा पुढचा कोपरा अगदी शेवटी. याला साधारण दीड वर्ष लागतं. नेमकं त्याच काळात पाऊल बाहेर पिरगळलं, तर लिगामेंट तुटत नाही, ते त्या कच्च्या कोपऱ्याचा तुकडाच ओढून काढतं. हे टिलो फ्रॅक्चर. (आणि आपण मुरगळलं म्हणून चोळत बसतो!) पॅरिसचे सर्जन पॉल टिलो (१८३४-१९०४) यांनी म्हणे प्रेतांवर प्रयोग करून ते दाखवलं. लंडनच्या ॲस्टली कूपरने त्याच्याही आधी वर्णन केलं होतं, पण नाव मिळालं टिलोंना. असो.

ट्रायप्लेन हा त्याचाच थोरला भाऊ. यात चीर तीन दिशांना जाते. टोरांटोच्या सॉल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ मध्ये ग्रोथ प्लेटच्या फ्रॅक्चरचे पाच प्रकार पाडले. ट्रायप्लेन समोरच्या एक्स-रेत तिसऱ्या प्रकारचं वाटतं आणि बाजूच्या एक्स-रेत दुसऱ्या. हाड तेच, वेळ तीच! मार्मर यांनी त्याचं वर्णन केलं १९७० मध्ये, लिन यांनी नाव दिलं १९७२ मध्ये. एक्स-रे तर १८९५ सालचा. सपाट चित्रावरून हे ओळखायला इतका वेळ लागला, याचं मला नवल वाटत नाही.

त्याच सुमारास, १९७१ मध्ये, लंडनला पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला, तोही डोक्याचा. यंत्र बनवणारे हाउन्सफिल्ड ईएमआयमध्ये होते, म्हणजे आपल्या कुत्र्याच्या चित्राच्या एचएमव्ही रेकॉर्डवाल्या कंपनीत. १९७९ चं नोबेल त्यांना आणि कॉरमॅकना मिळालं.

पाय आखूड राहील का, असं आत्या विचारत होती. ग्रोथ प्लेट बुजतच आलेली असते, त्यामुळे ती भीती फारशी नसते. भीती असते सांध्याची. आतला पृष्ठभाग वर-खाली राहिला तर तरुणपणीच संधिवात मागे लागू शकतो. म्हणून तुकड्यांतली फट दोन मिलिमीटरच्या आत असेल तर प्लॅस्टर, जास्त असेल तर सहसा तुकडे जुळवून स्क्रू. आणि ते दोन मिलिमीटर साध्या एक्स-रेवर धड मोजता येत नाहीत.