तळटीप : ‘सरकारने घरात हात घालू नये’ या भूमिकेविषयी

* लेखकाने येथे संमतिवयाच्या कायद्याचे विरोधक सरसकट ‘उदारमतवादी’ ठरवले आहेत. ते मान्य करणे कठीण आहे. 1891 च्या या कायद्याने मुलीचे संमतिवय 10 वरून 12 झाले. परक्या सरकारने धर्मात व घरात ढवळाढवळ करू नये, हा टिळकपक्षाचा मुद्दा वरवर अस्सल उदारमतवादीच वाटतो. तो निव्वळ सनातनी बहाणा होता असेही नाही. मुलीचे लग्न सोळाव्या वर्षाआधी करू नये, अशी स्वेच्छेची योजना टिळकांनीच मांडली होती. पण अकोल्यात शालेय शिक्षण झालेले आगरकर मिल-स्पेन्सर वाचूनच कायद्याच्या बाजूने उभे राहिले. मिलचे स्वातंत्र्यतत्त्व सज्ञानांपुरते आहे, अजाण मुलांना तो स्वतःच त्यातून वगळतो. मग दहा वर्षांच्या मुलीवरील नवऱ्याचा हक्क कोणाचे स्वातंत्र्य म्हणायचा? जपलेला होता तो कुटुंबप्रमुखाचा अधिकार.

परंपरेतूनच सुधारणा उगवेल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1897 साली अमरावतीच्या सामाजिक परिषदेत रानड्यांनी त्याला थेट हात घातला : जुने पुन्हा आणायचे तर नेमके कोणते, नियोग की अष्टविवाह? परंपरेतही निवड करावीच लागते, आणि निवडीला विवेक लागतो. त्याच वर्षीच्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे पुढे टिळकांचे खंदे सहकारी झाले. त्याच गावचे मुधोळकर मवाळांत राहिले. म्हणून वऱ्हाडचे राजकारण वाचताना ‘स्वातंत्र्य’ कोणासाठी मागितले जात आहे, हे वाचकाने प्रत्येक वेळी तपासावे. — संपादक